न उजळलेला खळगा

(दृश्य : पांढरी प्लेट, अगदी जवळून. पिपेटची टोकं एका ओळीत खाली उतरतात.)

या प्लेटमध्ये ९६ खळगे आहेत. प्रत्येक खळग्याच्या तळाशी मानवी पेशींचा पातळ थर आहे आणि त्या पेशींत एक जादा जनुक बसवलंय, काजव्याचं. इंटरफेरॉनचा निरोप पोचला की हे जनुक जागं होतं आणि पेशी प्रकाश सोडते. निरोप पोचलाच नाही, तर खळगा अंधारातच राहतो.

इंटरफेरॉन म्हणजे विषाणू शिरलेल्या पेशीने शेजारणींना मारलेली हाक. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान यांना ते सापडलं. हाक ऐकू आली की आसपासच्या पेशी शेकडो जनुकं कामाला लावतात आणि विषाणूला आपल्या प्रती काढणं जड जातं. नव्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडी) पुरेशी तयार व्हायला आठवडा-दहा दिवस जातात. तोवर बरीचशी भिस्त याच हाकेवर.

(दृश्य : प्लाझ्माच्या नळ्या.)

वरच्या ओळीत निरोगी माणसाचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातून पेशी वगळून उरलेला द्रव, खालच्या ओळीत कोविडने अत्यवस्थ झालेल्या रुग्णाचा. रंग दोन्हींचा तोच, फिकट पिवळा. नुसतं बघून काही कळायचं नाही. दोन्ही ओळींत इंटरफेरॉन मोजून सारखंच घातलं जातं. थेंब सोडायचा, टोक बदलायचं, पुढचा खळगा. काम कंटाळवाणं आहे, पण एक खळगा चुकला तरी ओळ वाया. मग झाकण लावून प्लेट ३७ अंशांवर रात्रभर.

(दृश्य : सकाळ. प्लेट यंत्रात सरकते. संगणकाचा पडदा.)

हा प्रकाश इतका मंद असतो की डोळ्यांना दिसत नाही, यंत्रच तो मोजतं. वरच्या ओळीचे आकडे बघा, कसे चढलेत. खालच्या ओळीत जवळजवळ काहीच नाही. इंटरफेरॉन तर आपण स्वतः घातलं होतं, मग गेलं कुठे? रुग्णाच्या रक्तातल्या प्रतिपिंडांनी ते वाटेतच धरलं. जी प्रतिपिंडं विषाणूवर धावून जायची, ती इथे घरच्याच इंटरफेरॉनवर उलटली आहेत.

सप्टेंबर २०२०. प्रतिकारशक्तीचे संशोधक जाँ-लोराँ काझानोव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोविडच्या न्यूमोनियाने जीव धोक्यात आलेले ९८७ रुग्ण तपासले. १०१ जणांच्या रक्तात अशी प्रतिपिंडं होती. त्यातले ९५ पुरुष. लक्षणं नसलेल्या किंवा सौम्य आजार झालेल्या ६६३ जणांत किती? शून्य. हे शून्य आम्ही पडद्यावर मुद्दाम जरा जास्त वेळ ठेवलं आहे. ‘प्रतिकारशक्तीच कमी होती हो’ म्हणून मोकळं होणाऱ्यांसाठी.

काहींच्या बाबतीत बिघाड जन्मापासूनचा, जनुकातला. त्याच सुमारास तपासलेल्या ६५९ अत्यवस्थ रुग्णांपैकी २३ जणांत इंटरफेरॉनच्या साखळीतली कुठली तरी कडी निकामी निघाली. वयं १७ ते ७७. तोवर कुठल्याही विषाणूने त्यांना असं आडवं केलेलं नव्हतं. नेदरलँड्समधल्या दोन कुटुंबांतले चार तरुण असेच, धडधाकट. दोष टीएलआर-७ या विषाणूची चाहूल घेणाऱ्या जनुकात, आणि ते असतं एक्स गुणसूत्रावर. पुरुषाकडे एक्स एकच, म्हणजे बदली खेळाडू नाही. चौघांपैकी एक वाचला नाही.

(दृश्य : संग्रहातलं चित्रण. हाडाचा तुकडा.)

हे निअँडरथल माणसाचं, म्हणजे आपल्या एका नामशेष झालेल्या भाऊबंदाचं हाड, क्रोएशियातल्या विंडिया गुहेतलं. गंभीर कोविडशी जोडला गेलेला तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक पट्टा या हाडातल्या डीएनएशी जुळतो, असं ह्यूगो झेबेर्ग आणि स्वांते पाबो या जनुकशास्त्रज्ञांनी २०२० मध्येच दाखवलं. दक्षिण आशियात साधारण निम्म्या लोकांकडे तो निदान एका प्रतीत आहे. तो असला म्हणजे आजार गंभीर होणारच असं नाही, जोखीम वाढते इतकंच. बाराव्या गुणसूत्रावरचा दुसरा एक पट्टाही निअँडरथलांकडूनच आला, आणि तो उलट थोडं संरक्षण देतो.

(दृश्य : पुन्हा प्लेट. नव्या नळ्यांवर नंबर घातले जातात.)

इंटरफेरॉनविरोधी प्रतिपिंडं काहींच्या रक्तात संसर्गाच्या आधीपासून असतात आणि सत्तरीनंतर त्यांचं प्रमाण झपाट्याने वाढतं. नेहमीच्या रक्ततपासणीत ती कुणी शोधत नाही. आधी कळलं, तर अशा माणसाचं लसीकरण वेळेवर होईल, ताप आल्यावर वाट न बघता उपचार सुरू करता येतील, आणि पीतज्वराची, जिच्यात कमजोर केलेला जिवंत विषाणू असतो ती लस टोचण्याआधी डॉक्टर दोनदा विचार करतील.