तुमाले कोनं पाठवलं?

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे पदाधिकारी, आणि आभाळ भरून आलेलं असतानाही आलेले तुम्ही सगळे.

पत्रिकेत माझा विषय 'कॅमेरा आणि समाज' असा छापलाय. तो मी दिलेला नाही. मी 'गांधीजींच्या तीन अटी' असा दिला होता. पण कार्यवाह म्हणाले, गांधी लिहिलं की मागच्या दोन रांगा रिकाम्या राहतात. म्हणून समाज आला. तरी तीन अटी मी सांगणारच आहे. शेवटची दहा मिनिटं त्यासाठी राखून ठेवली आहेत.

मी बँकेतला निवृत्त माणूस. पक्ष्यांचे आणि आठवडी बाजारांचे फोटो काढतो. माझ्याजवळ जी लांब लेन्स आहे ती एकटीच दोन किलोची. कॅमेरा जोडला, पट्टा अडकवला की गळ्यात तीन किलो ऐवज लोंबकळतो. हा ऐवज घेऊन वर्धा, यवतमाळ, अमरावती या पट्ट्यातल्या गावांतून मी हिंडतो आणि अनोळखी माणसं मला काय विचारतात ते ऐकतो. शहरातले माझे फोटोग्राफर मित्र म्हणतात, लोक कॅमेऱ्याला घाबरतात, लाजतात, तोंड फिरवतात. असेल शहरात तसं. आपल्याकडे मला लाजणारी माणसं फार कमी भेटली. आपल्याकडचा माणूस हिशोब करतो. एवढं मोठं यंत्र कोणी स्वतःच्या हौसेसाठी गळ्यात घेऊन उन्हात फिरेल, हे त्याला पटतच नाही. ज्याअर्थी यंत्र एवढं मोठं, त्याअर्थी मागे कोणीतरी आहे. त्यानं पाठवलंय. मग तो कोण, आणि त्याच्यापासून आपल्याला काही मिळणार की आपलं काही जाणार, एवढाच प्रश्न उरतो. तो कॅमेऱ्याकडे पाहतच नाही, त्याच्या मालकाकडे पाहतो.

ट्रायपॉडचंच घ्या. समृद्धी महामार्गाची मोजणी चालली होती त्या काळात मी आर्वीच्या बाजूला एका शेताच्या धुऱ्यावर तीन पाय उभे केले. पाच मिनिटांत दोन मोटरसायकली आल्या. "मोजाले आले का जी? आमचं वावर चाललं का त्याच्यात?" मी म्हटलं, पक्षी आहे तिकडे बाभळीवर. त्यातला एक बाभळीकडे पाहायलाही तयार नव्हता. पक्ष्यासाठी तिकाटणं कोण आणतं? आता पवनारहून निघणाऱ्या शक्तिपीठ महामार्गाचं नाव निघाल्यापासून मी ट्रायपॉड घरीच ठेवतो. फोटो थोडे हलतात. हलू द्या.

हीच लेन्स घेऊन चंद्रपूरकडे जा, मोहर्लीच्या रस्त्याला लागा. तिथे मोजणीचं कोणी विचारत नाही. तिथे एकच प्रश्न, "दिसला का?" कोण ते सांगावंच लागत नाही. ताडोबाच्या आसपासच्या गावांत लांब लेन्स म्हणजे वाघ. मी सुगरणीच्या खोप्याचा फोटो काढत होतो तर एक जिप्सी माझ्यामागे थांबली, मग दुसरी. सगळे खोप्याखालच्या झुडपात वाघ शोधत होते.

आता ती संत्र्याची गोष्ट सांगतो. इथल्या काही जणांनी ऐकलेली आहे. त्यांनी चहा घेऊन यावं.

कारंजा घाडगेच्या बाजूला, मार्च महिना. आठवडाभर आधी गारपीट होऊन गेलेली. मी माझ्या पुतण्याला घेऊन नीलपंखाच्या मागे होतो. तारेवर बसतो, निळाभोर, उडाला की पंख उघडतात तेव्हा माणूस वेडा होतो. पक्षी तारेवर, तार संत्र्याच्या बागेवर, आणि बागेत मृगाच्या बहाराच्या संत्र्यांचा सडा पडलेला. मी लेन्स वर केली तेवढ्यात बागेतून एक गृहस्थ आले. धोतर, डोक्याला दुपट्टा. हात जोडून म्हणाले, "नमस्कार साहेब. अवंदा लवकर आले."

मी म्हटलं, मी साहेब नाही.

"तसं त सारेच म्हन्ते जी," म्हणाले, आणि माझा दंड धरून बागेत घेऊन गेले. "इथून काढा. उभ्यानं नोका काढू, उभ्यानं कमी दिसते. खाली बसा." मी खाली बसलो. आणि तुम्हाला सांगतो, माणूस अगदी बरोबर बोलत होता. खालून काढल्यावर जमीन दिसेनाशी होते, फळांमागे फळं दिसतात. फोटोग्राफीचे क्लास घेणारे या एका गोष्टीचे दोन हजार रुपये घेतात.

तोवर शेजारचे बागवाले आले. प्रत्येकाच्या बागेत मी बसलो. एका पोरानं शाळेची पाटी आणली, तिच्यावर गट नंबर लिहिला आणि प्रत्येक फोटोत ती पाटी धरून उभा राहिला. कोणाच्या डोक्यातून आलं कोण जाणे, पण आमच्या शाखेतल्या कर्जाच्या फायलींत एवढी शिस्त मी कधी पाहिली नव्हती. एक जण सातबारा आणि आधारची झेरॉक्स माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेत कोंबून गेला. मग एक म्हातारी आली. तिच्या घराचे टीन उडाले होते. आम्ही घराशी गेलो तर टीन जागच्या जागी. तिच्या नातवानं आदल्याच दिवशी बसवून वर दगड ठेवले होते. म्हातारीनं वर पाहिलं, नातवाकडे पाहिलं आणि म्हणाली, "काय पायतं? काढ ना!" पोरगं चढलं. दगड खाली, टीन खाली. मी फोटो काढला. पोरगं पुन्हा टीन वर नेऊ लागलं तर म्हातारी म्हणे, "राहू दे, अजून कोनी आलं त?"

शेवटी पोलीस पाटील आले. भला माणूस. म्हणाले, ओळखपत्र दाखवा. माझ्याजवळ होतं ते एकच, बँकेचं, निवृत्त असा शिक्का असलेलं. ते मी दाखवलं. झालं! गारा राहिल्या बाजूला. 2017 च्या कर्जमाफीत ग्रीन लिस्टमध्ये, म्हणजे मंजूर यादीत, ज्यांची नावं आली नव्हती ते दोघं-तिघं पुढे सरसावले. निवृत्त या शब्दावर अंगठा ठेवून एकानं ते कार्ड सगळ्यांना दाखवलं. चहा आला, पोहे आले, तर्री आली. पक्षी कधीच गेला होता.

आता यात खरी गंमत कुठे आहे पाहा. माझा पुतण्या या सबंध वेळात मोबाईलवर सगळं टिपत होता. संत्री, पाटी, म्हातारी, छपरावरचं पोरगं. त्याला कोणी एका शब्दानं विचारलं नाही. पोहे यायच्या आधी त्याच्या स्टेटसवर सगळं चढलं होतं, दोनशे माणसांनी पाहिलं होतं. माझे फोटो कार्डावर, कॅमेरा गळ्यात, आणि ते आजही माझ्या घरच्या कपाटातच आहेत.

याच्यापुढची गंमत तर सरकारी आहे. राज्यात 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून ॲपमध्ये पिकाचा फोटो टाकायचा. पीक विम्यातही तेव्हा तसंच होतं, गारपिटीसारखं नुकसान झालं तर 72 तासांत कळवायचं, तेही ॲपवरून चालायचं. म्हणजे ज्या कॅमेऱ्याला सरकारदरबारी किंमत होती तो त्या धोतरवाल्या गृहस्थांच्या बंडीच्या खिशात होता. माझ्या तीन किलोच्या ऐवजाला कोणत्याही कचेरीत काडीची किंमत नाही. हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांना ते माहीत होतं. म्हणाले, "ॲपचं झालं जी. पन कोनी येऊन पायलं म्हंजे बरं असते."

(अध्यक्षांकडून चिठ्ठी आली आहे. पंधरा मिनिटं म्हणतात. हो, हो, गांधीजींकडेच चाललो आहे.)

मोठ्या कॅमेऱ्यामागे सरकार दिसतं, हे काही उगाच नाही. आपल्या खेड्यांत फोटो आला तोच मुळी दोन दारांनी, एक लग्नाचं आणि दुसरं सरकारचं. माझ्या ओळखीच्या कितीतरी म्हाताऱ्यांचा आयुष्यातला पहिला फोटो मुख्य निवडणूक आयुक्त शेषनसाहेबांमुळे निघाला, 1993 साली त्यांनी मतदार ओळखपत्र आणलं म्हणून. त्यात त्या चोर दिसतात ती गोष्ट वेगळी. नंतर निराधार योजनेचा फोटो, रेशनचा फोटो, आधारचा फोटो. फोटो काढला की काहीतरी मिळतं, नाही काढला तर मिळणारं बंद होतं. पन्नाशीनंतर ज्याला कॅमेरा अशा रीतीनं भेटला, त्यानं तुमच्या कलेकडे कलेच्या नजरेनं का पाहावं?

आणि दुसरे पाठवणारे म्हणजे पेपरवाले, टीव्हीवाले. 2006 च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले, शेतकरी आत्महत्या झालेल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज निघालं, त्या साली आपल्याकडे जेवढे कॅमेरे उतरले तेवढे आधी कधी उतरले नसतील. मी तेव्हा यवतमाळ जिल्ह्यात शाखेवर होतो. वसुलीच्या कामाने एका गावी गेलो, गळ्यात माझा जुना फिल्मचा कॅमेरा. एका दारात उभा राहिलो. आतून बाई बाहेर आल्या, कॅमेरा पाहिला, काही न विचारता आत गेल्या आणि भिंतीवरची नवऱ्याची तसबीर काढून, पदराने पुसून, मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसल्या. त्यांना शिकवलं होतं कोणीतरी. एकानं नाही, अनेकांनी. मी फोटो काढला नाही. वसुलीचंही बोललो नाही. याच्यावर मला जास्त बोलायचं नाही.

एक तक्रार मात्र करूनच घेतो, कारण असा माईक पुन्हा मिळणार नाही. एका तालुक्याच्या बसस्टँडवर मी लाल गाडीच्या टपावर चढवलेल्या कोंबड्यांच्या खुराड्यांचा फोटो घेत होतो. स्टँडवरच्या साहेबांनी मला बोलावून बसवलं. परवानगी आहे का? कशासाठी? कोणाकडून आले? अर्धा तास. मी तिथे बसलेलो असताना खिडकीतून मला दिसत होतं, फलाटावर चार पोरं मोबाईल उभा करून रील बनवत होती. एक तर धावत्या गाडीला लटकत होता. त्यांना कोणी हटकलं नाही. सार्वजनिक ठिकाणी फोटो काढू नका असा सरसकट कायदा आपल्या देशात नाही. प्रतिबंधित जागा आहेत, 1923 चा शासकीय गोपनीयता कायदा आहे, खाजगी क्षणांत डोकावून बाईचा फोटो काढणं 2013 पासून वेगळा गुन्हा आहे, आणि ते सगळं योग्य आहे. पण कोंबड्यांचं खुराडं त्यातल्या कशात बसतं? साहेबांशी मी वाद घातला नाही. त्यांचाही हिशोब तोच होता, एवढी मोठी लेन्स म्हणजे वरून कोणीतरी तपासणीला धाडलं असणार. निघताना हळूच म्हणाले, "संडासाचे नाही ना काढले?"

बरं. पाच मिनिटं राहिली. तीन अटी.

आपल्या वर्ध्याजवळ सेगाव. गांधीजी 1936 साली तिथे राहायला आले, 1940 मध्ये त्याचं सेवाग्राम झालं. त्यांच्याजवळ कनु गांधी नावाचा तरुण होता, नात्यातलाच, त्यांच्या पुतण्याचा मुलगा. त्याला फोटो काढायचे होते. घनश्यामदास बिर्लांनी त्याला 100 रुपये दिले, त्यातून कॅमेरा आणि फिल्म आली. गांधीजींनी परवानगी दिली, पण तीन अटींवर. फ्लॅश वापरायचा नाही. मी फोटोसाठी बसणार-उठणार नाही. आणि आश्रम या कामाला पैसा देणार नाही.

पहिल्या दोन अटींवर सगळे बोलतात. माझं म्हणणं तिसरीबद्दल आहे. आश्रमानं पैसे दिले असते तर कनु आश्रमाचा फोटोग्राफर झाला असता, आणि आश्रमात येणाऱ्या प्रत्येकानं त्याच्याकडे आश्रमानं नेमलेला माणूस म्हणूनच पाहिलं असतं. पैसे नाहीत म्हणजे पाठवणाराच नाही. राहिलं ते घरचं पोरगं. त्याचे 1938 ते 1948 चे फोटो पाहा. गांधीजी त्यात पाठमोरे आहेत, जेवताहेत, वजन करून घेताहेत, कोणाचंच कॅमेऱ्याकडे लक्ष नाही. त्याउलट 1946 साली पुण्यात अमेरिकेच्या 'लाइफ' मासिकानं पाठवलेली मार्गारेट बर्क-व्हाइट आली, तेव्हा आधी तिला सूत कातायला शिकायला लावलं आणि मग फ्लॅशचे मोजून तीन बल्ब वापरू दिले. पाठवलेल्या माणसाला वेगळा दर लागतो. आमचे एक मित्र म्हणतात, बिर्लांचे शंभर रुपये होते, म्हणजे पाठवणारा आलाच की. त्यावर मला पुष्कळ बोलायचं होतं, त्यातच ती वरून डोकावून पाहायच्या कॅमेऱ्याची गोष्टही होती, ज्यात फोटोग्राफरची मान आपोआप खाली जाते. पण अध्यक्ष आता माझ्याकडे न बघता घड्याळाकडे बघताहेत.

तर शेवटचं. तिसरी अट मीही पाळतो, मला कोणी पैसा देत नाही. पण हे गळ्यात पाटी बांधून सांगता येत नाही. "हौस आहे" म्हटलं तर आपला कास्तकार मनातल्या मनात हसतो आणि काहीतरी लपवतोय असं समजतो. म्हणून आता बाजारात कोणी "तुमाले कोनं पाठवलं जी?" विचारलं की मी म्हणतो, "बायकोनं. घरात अडचण होते म्हन्ते." एवढं पुरतं. हसतात, बाजूला सरकून बसायला जागा देतात, आपापल्या कामाला लागतात, आणि मग मला हवे तसे फोटो मिळतात. खोटं नाही सांगत. ती दुसऱ्या रांगेत बसलीय, विचारून घ्या.