दहा वर्षांनी लागलेला निकाल

पडद्यावर दिसतो आहे तो नागपूरचा मानेवाडा रस्ता. तुकडोजी पुतळ्याजवळच्या प्रादेशिक कर्करोग रुग्णालयात गोंदिया-गडचिरोलीचे रुग्ण येतात, तसे छिंदवाडा-बालाघाटचेही येतात. ‘आनुवंशिक’ हा शब्द विदर्भाला नवा नाही. सिकलसेल या रक्ताच्या आजारामुळे तो खेड्यापाड्यांत पोचला आहे. मात्र सिकलसेलचा आजार मुलाला होण्यासाठी आई आणि वडील अशा दोघांकडूनही दोष यावा लागतो. लिंच सिंड्रोम या कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या विकारात एकाच पालकाकडून आलेला दोष पुरतो, आणि तो मिळण्याची शक्यता प्रत्येक अपत्याच्या बाबतीत निम्मी असते. हा धोका कमी करता येतो का, हे तपासणारे ब्रिटिश आनुवंशिकीतज्ज्ञ डॉ. जॉन बर्न यांची ही गोष्ट.

पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते आणि त्या नकलेत चुका राहतात. लिंच सिंड्रोममध्ये त्या चुका दुरुस्त करणारी जनुकेच सदोष असतात, आणि त्यामुळे मोठ्या आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग ऐन उमेदीच्या वयात गाठू शकतो. म्हणूनच या विषयातला डॉक्टर तपासणीआधी घराण्याची माहिती विचारतो. ‘आत्या’ आणि ‘मावशी’ असे वेगळे शब्द असल्यामुळे आजार वडिलांकडचा की आईकडचा, हे मराठीत एका शब्दातच कळते. अडचण निराळीच आहे: आपल्या वंशावळींत लेकींची नावे बहुधा नसतात, आणि सासरी गेलेली आत्या कशाने वारली, हे माहेरी कोणी नोंदवून ठेवत नाही.

इंग्लंडच्या ईशान्येला न्यूकॅसल नावाचे शहर आहे. उमरेड-कामठीच्या खाणी पाहिलेल्या नागपूरकराला कोळशाचा मुलूख म्हणजे काय, हे समजावून सांगायला नको. डॉ. जॉन बर्न यांची कारकीर्द प्रामुख्याने याच शहरात घडली. १९५२ साली जन्मलेल्या बर्न यांनी आरंभीची बरीच वर्षे जन्मजात हृदयदोषांच्या अभ्यासात घालवली. शस्त्रक्रियेमुळे वाचलेली मुले मोठी होऊन संसाराला लागली, तेव्हा आपल्या मुलांनाही हाच दोष असेल का, असे ती विचारू लागली. ब्रिटनमधल्या अशा सातशेहून अधिक प्रौढांच्या संततीचा जो अभ्यास बर्न आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केला, त्यात हे प्रमाण सुमारे चार टक्के निघाले, आणि वडिलांना दोष असण्यापेक्षा आईला दोष असताना ते अधिक आढळले.

बाविसाव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळाल्यामुळे होणाऱ्या हृदयदोषासह अनेक लक्षणांना १९९३ साली ‘कॅच-२२’ हे नाव देणाऱ्यांत बर्न होते. इंग्रजीत हा शब्द ‘धरले तर चावते, सोडले तर पळते’ अशा पेचासाठी वापरतात. आपल्या बाळाच्या आजाराला असे नाव ऐकून आईबापांना काय वाटत असेल? १९९९ साली बर्न यांनीच लेख लिहून ते नाव मागे घ्यावे असे सुचवले. स्वतः दिलेले नाव असे मागे घेणे संशोधनात फार आढळत नाही.

कर्करोगावरचे त्यांचे काम एका साध्या गोळीभोवती फिरते. ॲस्पिरीन आपल्याकडे हृदयरुग्णांची ‘रक्त पातळ करणारी गोळी’ म्हणून ओळखली जाते. ती घेणाऱ्यांना आतड्याचा कर्करोग कमी होतो, असे काही निरीक्षणांवरून दिसत होते, परंतु निरीक्षण म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून ‘कॅप-२’ या चाचणीत लिंच सिंड्रोम असलेल्या ८६१ जणांपैकी ४२७ जणांना रोज ६०० मिलिग्रॅम ॲस्पिरीन आणि ४३४ जणांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी देण्यात आली.

२००८ साली पहिले निष्कर्ष आले, आणि दोन्ही गटांत फरक दिसला नाही. अनेक चाचण्यांची फाइल इथेच बंद होते. बर्न यांच्या चमूने मात्र गोळ्या थांबल्यानंतरही त्याच माणसांची प्रकृती नोंदवणे चालू ठेवले, आणि माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला हाच सर्वांत मोलाचा निर्णय होता. २०११ मध्ये फरक दिसू लागला. दहा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, ॲस्पिरीन घेतलेल्यांपैकी ४० जणांना आतड्याचा कर्करोग झाला होता, तर दुसऱ्या गटात ५८ जणांना. गोळी साधारण दोन ते चार वर्षे घेतलेली, आणि तिचे फळ कितीतरी उशिरा हाती आलेले. याच चाचणीत कच्च्या केळ्यात असतो तसा, लहान आतड्यात न पचणारा स्टार्चही तपासण्यात आला होता. त्याने आतड्याचा कर्करोग कमी झाला नाही. इतर काही कर्करोग मात्र कमी झाल्याचे २०२२ साली नोंदवले गेले.

हे ऐकून कोणी नागपूरच्या महाल भागातल्या औषधाच्या दुकानात जाऊन ॲस्पिरीन सुरू करू नये. ही गोळी पोटात रक्तस्राव घडवू शकते, आणि वरचे आकडे लिंच सिंड्रोमचे निदान झालेल्यांचे आहेत. त्यांनाही ६०० मिलिग्रॅमच लागते की कमी पुरेल, हे पाहण्यासाठी ‘कॅप-३’ या पुढच्या चाचणीत १००, ३०० आणि ६०० मिलिग्रॅम अशा तीन मात्रांची तुलना हाती घेण्यात आली.