ड्युटी वाढली तरी छत्री अडीचशेलाच कशी?

[टेबलावर दोन छत्र्या, कोल्हापुरी चपलेचा एक जोड, एक लायटर]

नमस्कार मंडळी, बेळगावातून बोलतोय.

२०२५ पासून बातम्या लावल्या की टॅरिफ, टॅरिफ आणि टॅरिफ. लोक विचारतात, हे अमेरिकेचं नि चीनचं भांडण, त्याचा आपल्या खिशाशी काय संबंध? पण कर बदलला की भाव बदलतो आणि भाव बदलला की माणूस वाट वाकडी करतो, हे सीमाभागातल्या माणसाला कुणी शिकवायला नको. निपाणी-कोगनोळीकडचे पंप आठवा. कोल्हापूरच्या, एमएच झिरो नाइनच्या गाड्या टाकी फुल्ल करून मगच कागलकडं सुटायच्या, कारण डिझेल इकडं कर्नाटकात स्वस्त होतं. गोव्याहून चोर्ल्यामार्गे येताना नाक्यावर डिकी का उघडायला लावतात, हेही खानापूर तालुक्यातल्या पोरासोरांना ठाऊक आहे. बाटली तीच, आतली दारू तीच, कर तेवढा वेगळा.

टॅरिफ म्हणजे आयातशुल्क, ज्याला आपले व्यापारी नुसतं ‘ड्युटी’ म्हणतात, तो असाच एक नाका. फक्त तो बंदरावर असतो, म्हणून आपल्याला दिसत नाही.

आज मला त्यातली एकच गोष्ट तपासायची आहे. ड्युटी वाढली की परदेशी माल महाग होतो, बरं. मग महाग झाला म्हणून आपण तो जपून वापरतो का? ‘घे, वापर, फेक’ कमी होतं का? माझं मत असं, की ते नुसत्या नव्या वस्तूच्या भावावर ठरतच नाही. नवी वस्तू केवढ्याला आणि जुनी दुरुस्त करायला किती, या दोन्हींत अंतर किती उरतं त्यावर ठरतं. आणि ड्युटी लावताना दुरुस्तीचा विचार सहसा कुणी केलेला नसतो.

[छत्री उघडून]

छत्रीच घेऊ. कणकुंबी, आमगावकडं पाऊस लागला की कसा लागतो ते तुम्हाला माहीत आहे. तिकडं छत्री म्हणजे चैन नव्हे. २०२२ च्या बजेटमध्ये, १ फेब्रुवारीला, छत्रीवरची ड्युटी १० टक्क्यांवरून २० टक्के झाली. दुप्पट! ऐकायला केवढी मोठी वाटते. आता हिशेब करा. समजा छत्री बंदरावर १०० रुपयांना उतरली. आधी ड्युटी १० रुपये, आणि ड्युटीवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे आणखी १ रुपया. एकूण ११. आता २० आणि २, एकूण २२. फरक ११ रुपयांचा. वर जीएसटी लागतो तो ड्युटीसकट आलेल्या रकमेवर, म्हणजे करावर कर. त्यानं तेव्हा आणखी सव्वा रुपया वाढला. व्यापाऱ्याला जीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणजे भरलेला कर पुढं वळता होतो; ड्युटीचं तसं मिळत नाही. ती त्याच्या खरेदीतच मुरते. मग आयात करणारा, होलसेलवाला, आपला खडे बाजारातला दुकानदार, प्रत्येकजण आपला टक्का त्या वाढलेल्या खरेदीवर लावणार. अकरा रुपयांचे गिऱ्हाइकापर्यंत येता येता पंचवीस-तीस होऊ शकतात.

होऊ शकतात म्हणालो. होतातच असं नाही, आणि इथंच गंमत आहे. जून उजाडला की गिऱ्हाईक दुकानात येतं ते डोक्यात एक आकडा धरून. “अडीचशेतली दाखवा की ओ.” तो आकडा दुकानदाराला माहीत असतो, होलसेलवाल्याला माहीत असतो आणि तिकडं चीनमध्ये ऑर्डर घेणाऱ्यालाही माहीत असतो. मग भाव अडीचशेच राहतो आणि छत्री बारीक होते. काडी अर्धा सूत बारीक, कापड विरळ, पितळेच्या रिबिटीच्या जागी पत्र्याची, दांड्याचा खटका प्लास्टिकचा. ड्युटी भरली कुणी? तुम्हीच भरलीत. पण पैशानं नव्हे, छत्रीच्या आयुष्यानं. जी दोन पावसाळे निघाली असती, ती गणपतीपर्यंत टिकली.

म्हणजे फेकणं कमी व्हायच्या जागी वाढलं की नाही?

आता त्याच बजेटमधला दुसरा भाग, ज्याची बातमीत फारशी चर्चा झाली नाही. छत्रीच्या सुट्या भागांना ड्युटीत जी सवलत होती तीही त्याच दिवशी काढून घेतली. हेतू समजण्यासारखा आहे, भाग इथंच बनावेत. पण दुरुस्तीवाल्याच्या बाजूनं बघा. नवी छत्री महाग झाली म्हणून माणूस त्याच्याकडं येईल, तर त्याच्या काडीचाही भाव वाढलेला.

आता आपला शनिवारच्या बाजारात पोतं टाकून बसणारा मामा बजेटचं भाषण ऐकून दर ठरवत नाही, हेही खरं. त्याच्या पोत्यातल्या निम्म्या काड्या मेलेल्या छत्र्यांमधून काढलेल्या असतात. त्याला ड्युटी लागत नाही, जीएसटी लागत नाही. त्याची अडचण वेगळी. पूर्वीच्या लांब काळ्या छत्रीची काडी कुठल्याही काळ्या छत्रीला बसायची. आता तीन घडीच्या छत्रीत प्रत्येकाचा सांधा वेगळा आणि तोही प्लास्टिकचा. एकाची काडी दुसऱ्याला बसत नाही. छत्री बघून मामाच म्हणतो, “ह्याला काय करून उपयोग न्हाई, नवीनच घ्या की.” दुरुस्तच करता येणार नाही अशी वस्तू बनली, तर ड्युटी १० असो नाहीतर ५०, ती उकिरड्यावरच जाणार.

[लायटर हातात घेऊन]

सरकारला हे कळत नाही असं मी म्हणणार नाही. टक्केवारीची ड्युटी सगळ्यात स्वस्त मालाला चाटूनही जात नाही, हे त्यांना कळलंय. शिवाय बिलात किंमतच कमी दाखवली तर टक्का कशाचा घेणार? म्हणून २०२२ मध्येच इमिटेशन दागिन्यांवर वजनाचा नियम लावला, किलोला किमान ४०० रुपये. पुढच्या वर्षी ते ६०० केले. बिलात काहीही लिहा, तराजू खोटं बोलत नाही. आणि हा लायटर. जून २०२३ मध्ये २० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या सिगारेट लायटरची आयातच बंद केली. त्यामागं तमिळनाडूतल्या काडीपेटीवाल्यांची ओरड होती. पण परिणाम बघा, एकदा वापरून फेकायच्या वस्तूला थेट हात घातला गेला. माझ्या मते टक्का वाढवण्यापेक्षा असे तळ ठरवणारे नियम जास्त कामाचे. ते ‘यापेक्षा स्वस्त आणूच नका’ म्हणतात.

खेळण्यांचं सांगतो, थोडक्यात. २०२० मध्ये ड्युटी २० वरून ६० टक्के, २०२३ मध्ये ७०. मध्ये २०२१ पासून बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, शिक्का सक्तीचा. चीनमधून येणारी खेळणी खूप कमी झाली, हे यशच. पण सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेत फिरून या. गाडी प्लास्टिकचीच, चाक घरी पोचेपर्यंत निघणारंच, फक्त आता ती आपल्या देशात बनते. आपल्या गोकाकला रंगीत लाकडी खेळणी होतात, त्यांचा सामना चीनशी जितका, तितकाच या देशी प्लास्टिकशी. बंदरावरची भिंत देशाच्या आतल्या स्वस्ताईला अडवत नाही. इथल्या शहापूर, वडगाव, खासबागमधल्या मागवाल्या विणकरांना विचारा. त्यांना पेचात धरलं ते सुरतेच्या साडीनं. सुरत ते बेळगाव कुठली आलीय ड्युटी?

तेलाची गोष्ट मात्र वेगळी. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचा एकूण आयातकर ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्के झाला आणि दिवाळीचा फराळ महागात पडला. मे २०२५ च्या शेवटी तो १६.५ वर आणला. तेल तर आपल्याला लागणारच, आणि निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. म्हणून तिथं भाव लगेच अंगावर येतो. ज्याच्यावाचून चालतच नाही, त्यात सवय बदलायला जागा कुठं?

आता अमेरिका, कारण तिकडं कुंदा, ही आपली बेळगावची दुधाची मिठाई, पाठवता का येईना, हा प्रश्न आलाच.

तिकडं एक सोय होती. ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल आलं तर ड्युटीच नाही. २०१६ पासून ही मर्यादा एवढी मोठी. त्या फटीतून चिनी ॲपवरचे पाच-दहा डॉलरचे टॉप नि चपला एकेका पाकिटातून थेट घरी पोचायच्या. दोनदा घालायच्या, टाकून द्यायच्या. २ मे २०२५ पासून चीनसाठी ही सोय बंद झाली, २९ ऑगस्टपासून सगळ्या जगासाठी. नियम फॅशनच्या कचऱ्यावर, पण त्यात अडकलं कोण? टिळकवाडीतली आई, जिला डलासच्या लेकाला कुंदा नि चिवडा पाठवायचाय. ड्युटी कुणी गोळा करायची हेच ठरलेलं नव्हतं, म्हणून आपल्या टपाल खात्यानं २५ ऑगस्टपासून अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं. ऑक्टोबरच्या मध्यात पुन्हा सुरू झालं.

आपल्याकडं अशी फट होती ती ‘गिफ्ट’ची. ५,००० रुपयांपर्यंतची भेटवस्तू ड्युटीशिवाय यायची आणि चिनी ॲपवरची कितीतरी पाकिटं ‘गिफ्ट’ म्हणूनच यायची. डिसेंबर २०१९ मध्ये भेट म्हणून ड्युटीशिवाय माल मागवणंच बंद केलं. अपवाद दोनच, जीव वाचवणारी औषधं आणि राखी. नुसती राखी हं, राखीबरोबरची भेट नाही!

पुन्हा अमेरिकेकडं. ऑगस्ट २०२५ मध्येच भारताच्या मालावर अमेरिकेनं आधी २५ आणि वर आणखी २५ टक्के लावले. अशी ड्युटी भरतो तिकडचा आयात करणारा, आपण नव्हे. पण तो लगेच इकडं फोन करून म्हणतो, भाव उतरवा. आपल्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत ज्यांचा माल तिकडं जातो त्यांना या फोनचा अर्थ मी सांगायला नको.

आणि ज्यावर ड्युटी नाही तेही महाग होतं बरं का. २०१८ मध्ये अमेरिकेनं आयात वॉशिंग मशीनवर २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत ड्युटी लावली. अर्थतज्ज्ञांनी नंतर मोजलं, तर मशीन साधारण १२ टक्के महाग झालं होतं, तिकडच्या कंपन्यांचंसुद्धा. आणि कपडे वाळवायचा ड्रायर, ज्यावर ही ड्युटीच नव्हती, तोही जवळपास तेवढाच महाग झाला. कारण लोक दोन्ही जोडीनं घेतात. परक्या मालाचा भाव चढला की घरच्या मालालाही भाव चढवायला वाव मिळतो.

[चपलेचा जोड पुढं घेऊन]

शेवटी ही. कोल्हापुरी म्हणतात, पण भौगोलिक मानांकनात (जीआय) महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर आपल्या बाजूचेही चार जिल्हे आहेत आणि त्यात बेळगाव आहे. अथणी, निपाणीकडं घराघरात हे काम चालतं. अंगठा तुटला तर शिवून मिळतो, तळ झिजला तर नवा लागतो. फेकायची वेळ यायला वर्षं जातात. २०२० मध्ये परदेशी पादत्राणांवरची ड्युटी २५ वरून ३५ टक्के झाली, म्हणजे हिला आधार मिळायला हवा होता.

पण घरातला कर बघा. २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत १,००० रुपयांच्या आतल्या जोडाला १२ टक्के जीएसटी आणि वरच्याला १८. कपड्यांचंही तसंच, हजारच्या आत ५, वर १२. म्हणजे टिकाऊ म्हणून चार पैसे जास्त मोजा, तर कराचा दरही जास्त! एकीकडं बंदरावर स्वस्त माल अडवायचा आणि दुकानात स्वस्त मालालाच सवलत द्यायची. २२ सप्टेंबरपासून ही पायरी २,५०० वर गेली. त्याच्या आत ५ टक्के, वर १८. १,२०० च्या जोडाला आधी २१६ रुपये कर पडायचा, आता ६०. अथणीच्या कारागिराकडून थेट घेतलीत तर बहुधा तोही नाही, कारण वर्षाला ४० लाखांच्या आत माल विकणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही.

मात्र मिक्सर, फॅन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेलात तर मजुरीवर १८ टक्के लागतातच. नव्या चपलेला ५, दुरुस्तीच्या मजुरीला १८. बंदरावर ड्युटी कितीही चढवा, हे अंतर तिथून मिटणार नाही. गल्लीतला मेकॅनिक या जाळ्यात येत नाही, म्हणून तो स्वस्त पडतो आणि म्हणूनच तो अजून टिकून आहे.

तर अथणी, चिक्कोडी, निपाणीकडच्या मंडळींनी एक करा. कोल्हापुरीचा तळ बदलायला तुमच्याकडं सध्या किती घेतात ते खाली लिहा, गावाच्या नावासकट. पुढच्या व्हिडिओत नवा जोड आणि नवा तळ यांचा हिशेब तुमच्याच दरांवरून मांडतो.