पुस्तक आपलं, पटकथा स्टुडिओची: विल्यम गोल्डमनचं करिअर

नमस्कार मंडळी! कादंबरीकारही व्हायचंय आणि सिनेमाही लिहायचाय, अशा माणसाची वाट नेमकी कशी असते? सल्ले देत बसण्यापेक्षा आज एकाच माणसाचं करिअर उलगडून बघू. विल्यम गोल्डमन. अमेरिकन लेखक, जन्म १९३१, पटकथेसाठी दोन ऑस्कर. हॉलिवूडबद्दलचं त्याचं ‘इथे कुणालाच काही कळत नाही’ हे गाजलेलं वाक्य मात्र मी आज घोळवत बसणार नाही. सगळे तेवढंच सांगतात आणि थांबतात.

सुरुवात बघा. कॉलेजच्या साहित्यिक मासिकात गडी संपादक होता. स्वतःच्या कथा नाव न घालता गठ्ठ्यात सरकवायचा आणि बाकीचे संपादक त्याच्याच समोर त्या नापास करायचे! लेखनाच्या वर्गातही मार्कांची बोंब. पुढे लष्कर, मग कोलंबिया विद्यापीठातून एम.ए., आणि १९५६ मध्ये साधारण तीन आठवड्यांत पहिली कादंबरी लिहून मोकळा. १९५७ मध्ये ती छापूनही आली. त्यानंतरची काही वर्षं मुख्यतः कादंबऱ्याच. सिनेमाचा विषयही नाही.

सिनेमा आला तो गैरसमजातून. १९६४ मध्ये त्याने टोपणनावाने एक छोटी थरारक कादंबरी काढली. प्रकरणं इतकी तोकडी, की क्लिफ रॉबर्टसन या नटाला तो सिनेमाचा आराखडाच वाटला. त्याने गोल्डमनला एका कथेची पटकथा करायला सांगितलं. याने होकार दिला आणि मग लक्षात आलं, आपण आयुष्यात पटकथा पाहिलेलीच नाही! रात्री दोनच्या सुमाराला न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये रात्रभर उघडं असणारं पुस्तकांचं दुकान गाठलं आणि पटकथालेखनावरचं पुस्तक घेऊन आला. आतली कॅमेऱ्याच्या सूचनांनी भरलेली पानं बघून वैतागला. हे असलं कोण वाचणार? म्हणून पुढे त्याने आपली वेगळी पद्धत काढली: कमी सूचना, पळती वाक्यं, वाचणाऱ्याला पान उलटावंसं वाटलं पाहिजे. हा कादंबरीकाराचा हात.

आणि त्या पहिल्या कामाचं काय झालं? त्यातून त्याला काढून टाकलं. पटकथा दुसऱ्याने लिहिली, सिनेमा १९६८ मध्ये आला, रॉबर्टसनला अभिनयाचं ऑस्कर मिळालं.

(पडद्यावर: ‘हार्पर’, १९६६)

पण तोवर ‘हार्पर’ येऊन गेला होता. पॉल न्यूमन खासगी गुप्तहेर. इथला एक प्रसंग मला नीट सांगायचाय. श्रेयनामावलीच्या मागे दाखवायला काहीतरी हवं होतं, म्हणून गोल्डमनने नंतर हा तुकडा लिहून दिला. हार्पर सकाळी उठतो. कॉफी करायला जातो, तर कॉफी संपलेली. कचऱ्याच्या डब्यात कालचा वापरलेला फिल्टर पडलाय. तो बघतो, क्षणभर थबकतो, आणि तोच उचलून पुन्हा कॉफी करतो. संवाद नाही, काही नाही. माणूस एकटा आहे, कडका आहे, चालवून घेणारा आहे, सगळं कळलं. कादंबरीत यासाठी त्याच्या डोक्यात शिरता येतं. पडद्यावर त्याच्या हातात काहीतरी द्यावं लागतं.

मघाचं टोपणनाव आठवतंय? ते होतं हॅरी लाँगबॉ. सनडान्स किड या खऱ्या दरोडेखोराचं हे मूळ नाव. म्हणजे ती गोष्ट त्याच्या डोक्यात कित्येक वर्षं शिजत होती. कुणी न सांगता त्याने ‘बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड’ लिहिली आणि ती ४ लाख डॉलरला विकली गेली. तोवर पटकथेला एवढी रक्कम कुणी मोजली नव्हती. सिनेमा १९६९ चा. पहिलं ऑस्कर.

आता खरी गंमत, म्हणजे मालकी. अमेरिकेत स्टुडिओने पैसे देऊन लिहून घेतलेली पटकथा कायद्याने सहसा स्टुडिओची होते. कादंबरी मात्र लेखकाचीच राहते, तिचे सिनेमाचे हक्क तेवढे विकले जातात. ‘मॅरेथॉन मॅन’ ही गोल्डमनची कादंबरी १९७४ ची, पटकथाही त्याचीच. तरी १९७६ च्या सिनेमाचा शेवट दुसऱ्या लेखकाकडून बदलून घेतला गेला, आणि तो काही गोल्डमनला पटला नाही. त्याच वर्षीच्या ‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’ने दुसरं ऑस्कर दिलं, डोकेदुखीही भरपूर दिली.

‘प्रिन्सेस ब्राइड’च्या बाबतीत तो वेगळा वागला. १९७३ ची ही कादंबरी. स्टुडिओने हक्क घेतले, माणसं बदलली, प्रकल्प बासनात गेला. गोल्डमनने पदरचे पैसे घालून हक्क परत विकत घेतले. शहाणपणाचा व्यवहार होता का? आकडेमोड केली तर नाही. पण सिनेमा १९८७ मध्ये आला आणि पटकथा त्याचीच होती.

मधल्या काळात, १९८० च्या सुमारास, फोन वाजायचाच थांबला. हॉलिवूडला तो नकोसा झाला होता. बहुतेक पटकथाकार इथेच संपतात. हा पुस्तकांकडे वळला: १९८२ ते १९८६ मध्ये कादंबऱ्यांमागून कादंबऱ्या, शिवाय १९८३ मध्ये ‘ॲडव्हेंचर्स इन द स्क्रीन ट्रेड’ हे सिनेमाधंद्यावरचं प्रसिद्ध पुस्तक. मग सिनेमाची कामं परत सुरू झाली आणि १९८६ नंतर एकही कादंबरी नाही! २०१८ पर्यंत जगला, ‘मिझरी’सारख्या पटकथा लिहिल्या, पण स्वतःला कादंबरीकार समजणाऱ्या या माणसाने शेवटची बत्तीस वर्षं कादंबरी लिहिली नाही. मला हे चटका लावतं.

तुम्हाला हे दोन्ही शिकायचं असेल, तर ‘प्रिन्सेस ब्राइड’ आधी वाचा, मग लगेच बघा. एका जुन्या ग्रंथातला रंजक भाग तेवढा काढून देतोय, असा आव पुस्तकात लेखक आणतो आणि मध्येमध्ये घुसून म्हणतो, हा भाग कंटाळवाणा होता, मी छाटला. तो जुना मूळ ग्रंथही त्यानेच रचलेली थाप! पडद्यावर ही सगळी मखलाशी आजारी नातवाला गोष्ट वाचून दाखवणाऱ्या आजोबांवर आणली आहे. नातू कुठे कुठे अडवतो, ते पेन्सिल घेऊन टिपा आणि पुस्तकातल्या त्याच जागा काढून बघा.