हिरडीखालचा अंधार

दंतवैद्याच्या हातात मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बोथट सळई आहे. दात आणि हिरडीमधल्या फटीत ती अलगद उतरते. निरोगी हिरडीत १ ते ३ मिलिमीटरवर थांबते. इथे ती ६ वर पोचलीय. रक्त आलंय, पण रुग्णाला फारसं दुखत नाही. पायोरिया वर्षानुवर्षं अंगावर काढला जातो तो यामुळेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार या आजाराच्या गंभीर अवस्थेचे जगभरात १ अब्जाहून अधिक रुग्ण आहेत.

या खोल फटीला डॉक्टर पॉकेट म्हणतात. तिथले जंतू सुटे नसतात. स्वतःच तयार केलेल्या चिकट थरात, बायोफिल्ममध्ये, ते एकमेकांना धरून राहतात. त्यातला पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस तर ऑक्सिजन नसलेल्या जागीच फोफावतो. अँटिबायोटिकचा या थरापुढे फारसा निभाव लागत नाही, आणि ते पुन्हा पुन्हा दिलं तर जंतू त्याला दाद देईनासे होतात.

मग प्रकाशाने मारले तर?

१९०० च्या सुमारास म्युनिकमध्ये ऑस्कर राब हा वैद्यकाचा विद्यार्थी पॅरामेशियम या एकपेशीय जिवांवर ॲक्रिडिन या रंगद्रव्याचा परिणाम तपासत होता. रंग तोच, जीवही तेच. पण उजेडात ते मरत आणि अंधारात तगत. या मरणाला ऑक्सिजनही लागतो, हे पुढे त्याचे गुरू हेर्मान फॉन टापाइनर यांनी दाखवलं.

आजचा उपचार त्याच तत्त्वावर चालतो. पॉकेटमध्ये मिथिलीन ब्लू हे निळं रंगद्रव्य सोडायचं आणि बारीक फायबरमधून सुमारे ६६० नॅनोमीटरचा तांबडा लेझर आत न्यायचा. रंगाचा रेणू प्रकाशाची ऊर्जा शोषून ती ऑक्सिजनला देतो. त्यातून बनणारा सिंगलेट ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनचं अतिशय क्रियाशील रूप, जंतूचं आवरण, प्रथिनं, डीएनए, जे समोर येईल ते जाळत सुटतो. मात्र त्याचं आयुष्य जेमतेम काही मायक्रोसेकंदांचं. रंग जंतूला खेटून असेल तरच उपयोग.

इथेच गाडी अडते. रंग थराच्या वरवरच राहतो, हिरडीतून पाझरणाऱ्या द्रवात वाहून जातो, आणि पॉकेटच्या तळाशी ऑक्सिजन अगदीच कमी. स्केलिंगच्या, म्हणजे दातांवरचं कीटण खरवडून काढण्याच्या, जोडीला हा उपचार वापरू नये, अशी शिफारस युरोपातल्या हिरडीरोगतज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत आहे. लेझरच्या जाहिराती पाहणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं.

नॅनोकणांवरचं, म्हणजे अतिसूक्ष्म कणांवरचं, संशोधन नेमकं या अडचणींना भिडतं, म्हणून आम्हाला त्याबद्दल आशा वाटते. कायटोसान या खेकडे-कोळंबीच्या कवचापासून बनवलेल्या पदार्थाचे कण धनभारित असतात आणि जंतूंचं आवरण ऋणभारित. त्यामुळे असा कण रंग घेऊन थेट जंतूला चिकटतो. मँगनीज डायऑक्साइडचे कण तर सुजलेल्या हिरडीतलंच हायड्रोजन पेरॉक्साइड फोडून जागच्या जागी ऑक्सिजन तयार करतात. सोन्याचे अतिसूक्ष्म दांडे अवरक्त किरणं शोषून तापतात आणि ऑक्सिजनविनाही जंतू मारतात. पण तिथे हात आखडता घ्यावा लागतो, कारण हाड ४७ अंश सेल्सिअसला मिनिटभर राहिलं तरी त्याला इजा होऊ शकते.

यातलं बरंचसं काम अजून काचेच्या बश्यांमध्ये आणि उंदरांवर चाललंय. माणसाच्या तोंडात जंतूंच्या शेकडो जाती एकत्र नांदतात. तिथे हे कण किती खोल जातात आणि काम झाल्यावर शरीराबाहेर कसे पडतात, हे माणसांवरच्या चाचण्यांतूनच कळेल. त्या चाचण्यांतही दातांच्या मुळांवरचं कीटण आधी हातानेच खरवडून काढावं लागणार आहे. दगडासारखा घट्ट झालेला तो थर प्रकाशाने निघत नाही.