आधी हात शिकवा, मग पिस्तूल घ्या

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय पिस्तुलाबद्दल, म्हणजे स्वतःच्या आणि घरच्यांच्या रक्षणासाठी लोक जे हत्यार घेतात किंवा घ्यायचा विचार करतात त्याबद्दल. मी नवशिक्यांना नेमबाजी शिकवतो आणि पहिल्या दिवशी जवळपास प्रत्येकजण हेच विचारतो, सर, कुठलं पिस्तूल घेऊ? मी म्हणतो ते नंतर बघू, आधी सांगा घरात कोण कोण राहतं, ते ठेवणार कुठे आणि सरावाला वेळ किती देणार. बरेच जण इथेच हिरमुसतात, कारण त्यांना वाटलेलं असतं की लायसन्स मिळालं, हत्यार हातात आलं की काम झालं. माझं मत स्पष्ट आहे, सरावाला वेळ नसेल आणि कुलपाची सोय नसेल तर घेऊच नका. दरवाजा मजबूत करा, बाहेर चांगला दिवा लावा, अलार्म बसवा, त्याने तुमचं जास्त रक्षण होईल.

आता शिकायचं म्हणजे काय ते सांगतो. सगळ्यात आधी शिकायचं ते पिस्तूल रिकामं कसं करायचं. सेमी ऑटोमॅटिक, म्हणजे दर वेळी चाप ओढला की एक गोळी सुटून पुढची आपोआप वर येते अशा पिस्तुलात गोळ्या मॅगझीनमध्ये असतात, मॅगझीन मुठीत बसतं, आणि लोकांना वाटतं मॅगझीन बाहेर काढलं की झालं रिकामं. नाही हो! एक गोळी आधीच वर चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या गोळीच्या जागेत, जाऊन बसलेली असू शकते आणि बहुतेक पिस्तुलांमध्ये मॅगझीन नसतानाही चाप ओढला की ती गोळी सुटते. दुसरी गडबड क्रमाची. कोणी आधी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा मागेपुढे सरकणारा भाग, मागे खेचतो, चेंबरमधली गोळी बाहेर पडते, त्याला बरं वाटतं, पण मॅगझीन अजून आतच असल्यामुळे स्लाइड पुढे जाताना दुसरी गोळी वर घेऊन जाते, आणि मग हा माणूस मॅगझीन काढतो आणि रिकामं समजून चाप ओढतो. म्हणून आधी मॅगझीन, मग स्लाइड, दोनतीन वेळा मागे खेचायची, मागेच अडकवायची, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं आणि अंधार असेल तर बोट घालून चाचपायचं. दुसऱ्याने "रिकामं आहे" म्हणून हातात दिलं तरी आपण परत हेच सगळं करायचं, त्यात कोणाला राग यायचं कारण नाही.

जेफ कूपर नावाचे अमेरिकन मरीन दलातले माजी अधिकारी होते, त्यांनी 1976 साली अॅरिझोनात पिस्तूल शिकवायची संस्था काढली. त्यांचे चार नियम आज जगभर शिकवले जातात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरून चाला, जे उद्ध्वस्त करायची तयारी नाही त्याच्यावर नळी जाऊ देऊ नका, नेम धरून होईपर्यंत बोट चापाच्या बाहेर ठेवा, आणि निशाणा नक्की काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे ते ओळखा. ह्यातला बोटाचा नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. माणूस दचकला, अडखळला किंवा दुसऱ्या हाताने काही घट्ट धरायला गेला की पिस्तुलाचा हातही आपोआप आवळला जातो, ते आपल्या ताब्यात नसतं, त्यामुळे बोट आधीपासून बाहेर सरळ ठेवलेलं असणं हाच एक उपाय. पिस्तूल हातातून पडलं तर झेलायला जाऊ नका, पडू द्या. बहुतेक आधुनिक पिस्तुलं पडून उडत नाहीत, झेलताना बोट चापात जातं तेव्हा उडतात. आणि चाप ओढूनही गोळी उडाली नाही तर लगेच नळीत डोकावू नका, पिस्तूल निशाण्याकडेच धरून निदान तीस सेकंद थांबा, कधीकधी बार उशिरा पेटतो.

बरं, रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, नेम छान लागतो म्हणून खऱ्या वेळी लागेल का? भीती वाटली की शरीरात अॅड्रेनॅलिन सुटतं, छाती धडधडते, हात थरथरतात, नजर समोरच्या एकाच गोष्टीवर खिळते आणि बाजूचं दिसत नाही, कितीतरी जणांना स्वतःच्या बाराचा आवाजसुद्धा नीट ऐकू येत नाही. न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबारांचा अभ्यास रँड ह्या अमेरिकन संशोधन संस्थेने 2008 मध्ये मांडला. 1998 ते 2006 ह्या काळात समोरूनही गोळीबार होत होता अशा चकमकींत पोलिसांच्या शंभरातल्या साधारण 18 गोळ्या लागल्या. समोरून गोळीबार नव्हता तेव्हासुद्धा साधारण 30. हे पगारी, प्रशिक्षित, वर्दीतले लोक आहेत. मग बाकीच्या गोळ्या कुठे गेल्या हा प्रश्न मी प्रत्येक शिकणाऱ्याला विचारतो, कारण नऊ एमएमची गोळी घरातली पातळ भिंत, लाकडी दार सहज पार करते आणि पलीकडे तुमचीच मुलगी झोपलेली असू शकते. आणि अंधारात समोर कोण आहे ते दिसत नसेल तर गोळी नाही चालवायची, टॉर्च वापरायचा, आवाज द्यायचा. रात्री उशिरा घरी आलेला आपलाच माणूस चोर समजून मारला गेल्याच्या घटना झालेल्या आहेत.

अंतराचंही सांगतो. डेनिस ट्युलर हे अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटी पोलिसांत प्रशिक्षक होते, त्यांनी 1983 मध्ये लिहून दाखवलं की चाकू घेतलेला साधा माणूस 21 फूट, म्हणजे साडेसहा मीटरच्या आतबाहेर अंतर, साधारण दीड सेकंदात धावत पार करतो. तेवढ्याच वेळात तुम्हाला पिस्तूल काढून, उचलून, नेम धरून गोळी चालवायचीय, आणि तेही धोका आधीच ओळखला असेल तर! काही लोक ह्याचा उलटा अर्थ काढतात की 21 फुटांच्या आत कोणी आला की मारायची परवानगी, तसं अजिबात नाहीये. त्याचा खरा धडा हा की लवकर बघा, लवकर बाजूला व्हा, मध्ये गाडी, टेबल, दार, काहीतरी आडोसा घ्या. मोबाईलमध्ये डोकं घालून चालणाऱ्याला कमरेचं पिस्तूल वाचवणार नाही. पळून जायची वाट असेल तर पळा, पाकीट मागितलं तर देऊन टाका. कायदा देशोदेशी वेगळा आहे आणि आपापल्या ठिकाणचा तो नीट वाचलाच पाहिजे, पण गाभा बऱ्याच ठिकाणी तोच, जिवावरचा धोका त्या क्षणी खरा असायला हवा आणि प्रतिकार त्या धोक्याच्या मानानेच हवा. पळत सुटलेल्या चोराच्या पाठीत घातलेली गोळी सहसा स्वसंरक्षणात बसत नाही.

सराव दर वेळी गोळ्या उडवूनच करावा लागतो असंही नाही. पिस्तूल रिकामं करा, तीनदा तपासा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा, मागे भक्कम भिंत असलेली जागा निवडा आणि नेम, पकड, चाप हळू दाबणं ह्याचा रोज थोडा सराव करा. रेंजवर मात्र कानांना संरक्षण हवंच, पिस्तुलाचा बार 150 डेसिबलच्या पुढे जातो आणि कान एकदा गेला की परत येत नाही. डोळ्यांना चष्मा, आणि घरी जाऊन काही खायच्या आधी हात साबणाने धुवायचे, शिसं असतं त्या धुरात.

आता जे सांगणार आहे ते ऐकायला जड आहे, पण बंदुकीबद्दल बोलायचं आणि हे टाळायचं हे मला पटत नाही. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. बाहेरच्या चोरासाठी घेतलेलं हत्यार घरातल्याच माणसाच्या सगळ्यात वाईट रात्री त्याच्या हाताशी असतं, आणि बंदुकीच्या बाबतीत दुसरी संधी फार कमी जणांना मिळते. इस्रायलच्या सैन्याने 2006 मध्ये आठवड्याच्या सुट्टीला घरी जाणाऱ्या सैनिकांना रायफल तळावरच ठेवायला लावली, आणि सैनिकांच्या आत्महत्या साधारण 40 टक्क्यांनी कमी झाल्या. म्हणजे ती वेळ टळली की पुष्कळ माणसं जगतात. म्हणून पिस्तूल तिजोरीत, गोळ्या वेगळ्या कुलपात, किल्ली किंवा कोड फक्त तुमच्याकडे. उशीखाली नाही, कपाटाच्या वरच्या फळीवर नाही, मुलांना माहीत नसेल ह्या भरवशावर तर नाहीच नाही, मुलांना सगळं माहीत असतं.

आणि घरात कोणी खूप खचलेलं असेल, नोकरी गेली असेल, घर मोडत असेल, दारू वाढली असेल, मग ते तुम्ही स्वतः का असेना, तर हत्यार काही दिवस घराबाहेर ठेवा. लायसन्सवाल्या विश्वासू माणसाकडे, क्लबच्या शस्त्रागारात किंवा पोलिसांकडे, तुमच्याकडचा कायदा जे मान्य करतो तिथे. मित्राच्या बाबतीत शंका आली तर सरळ विचारा, तुझं पिस्तूल थोडे दिवस दुसरीकडे ठेवूया का, आणि त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरकडे घेऊन जा. तो चिडेल कदाचित. चिडू दे, तरी विचारा.