चोवीस म्हणजे किती?

श्रोतेहो, नमस्कार. सातबाऱ्यावर लिहिलेलं असतं 0 हेक्टर 40 आर, आणि आपण म्हणतो एकरभर रान. रान तेवढंच. सबनेट मास्कचंही तसंच आहे. सबनेट मास्क म्हणजे कॉम्प्युटरच्या पत्त्यातला किती भाग जाळ्याचा आणि किती भाग त्या मशीनचा, हे सांगणारा आकडा. कुणी 255.255.255.0 लिहितं, कुणी तिरकी रेघ ओढून पुढे नुसते 24. म्हणजे बत्तीस बिटांपैकी, म्हणजे एक किंवा शून्याच्या बत्तीस घरांपैकी, डावीकडचे चोवीस एक, उरलेले आठ शून्य. पुन्हा सांगतो, चोवीस एक, आठ शून्य. ही आखूड रीत 1993 साली सीआयडीआर, म्हणजे पत्ते वाटायची नवी पद्धत, आल्यावर रुळली.

आता लातूरच्या मोंढ्यातली गोष्ट. सोयाबीनचा हंगाम, एक आडत दुकान. तिथे इंटरनेट नाही, एका स्विचला दोन कॉम्प्युटर आणि पट्ट्या छापायचा प्रिंटर. मालकांच्या पुतण्याने नवा कॉम्प्युटर बसवला आणि मला फोन केला, "काका, मास्क किती टाकू?" मी स्कूटरवर. ओरडून म्हणालो, "चोवीस!"

पोराने शेवटच्या चौकटीत 24 टाकले. मशीन घेईना. घेणार कसं? बिटांत 24 म्हणजे 00011000, त्यात एक आणि शून्य मधेच मिसळतात. एक सगळे डावीकडून सलगच लागतात. मग त्याने कुठल्या तरी जुन्या चिठ्ठीवरचे 128 टाकले. ते मशीनने मुकाट घेतले.

मी पोचलो तर काट्यापाशी पोत्यांची थप्पी, शेतकरी पटका सोडून बसलेला, आणि मुनीमजी हाताने पट्टी लिहितायत. अक्षर मोत्यासारखं! हल्लीच्या पोरांना बोरू धरायला लावलं पाहिजे, असो. "सायेब, मशीन सकाळपासून मुकीच हाय," म्हणाले.

128 म्हणजे आधीच्या चोवीस एकांत आणखी एक, पंचवीस एक. रानाच्या दोन वाटण्या, मधे बांध: शून्य ते 127 अलीकडे, 128 ते 255 पलीकडे. कॉम्प्युटरचा पत्ता 20 वर संपणारा, प्रिंटरचा 200 वर. गेटवेचा रकाना रिकामा, म्हणजे बांध ओलांडायला वाटच नाही. 128 च्या जागी शून्य केलं, प्रिंटर खरखरला.

मुनीमजींनी छापील पट्टी हाती घेतली, हातच्या पट्टीशी वजन, भाव, हमाली, तोलाई एकेक ताडून पाहिलं आणि मगच ती शेतकऱ्याला दिली. हातची घडी करून खिशात ठेवली.

हां, एक राहिलं. राउटरच्या नियमांत कधी 0.0.0.255 दिसेल. तो उलटा मास्क, चोवीसचाच.